प्लेटवर मरतात, छातीत नाही

३ फेब्रुवारी

आई आमच्याच हॉस्पिटलात दाखल आहे. तिच्या कफातले जंतू वाढवलेली प्लेट माझ्याच टेबलावर आली. लॅबमध्ये अठरा वर्षं झाली, चिठ्ठीवर घरचं नाव पहिल्यांदाच वाचलं. पेनिसिलिनच्या चकतीभोवती ऐसपैस, स्वच्छ वर्तुळ — तिथे एकही जंतू तगला नाही! न्यूमोनिया आहे, पण औषध लागू पडणार. दिवसभरात बोलले ती या प्लेटशीच.

४ फेब्रुवारी

कामावरून सुटून वॉर्डात गेले. आईला समजावलं — जंतू वाढताना नवी भिंत बांधतो, पेनिसिलिन ती बांधू देत नाही, मग तो फुटतो. "म्हणजे गवंड्याचा हात धरायचा," आई म्हणाली. आमच्या साहेबांनाही इतक्या चटकन कळत नाही. घरी आले. कुलूप, आणि सकाळचा उष्टा कप.

६ फेब्रुवारी

पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू, तरी ताप तसाच.

७ फेब्रुवारी

आजही एकशे दोन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रिपोर्ट बरोबर आहे ना तुमचा?" प्लेट पुन्हा लावली. माझीच चूक असेल तर आईला मीच — लिहवत नाही. हे बोलून दाखवायला हक्काचं एक माणूस नाही मला.

८ फेब्रुवारी

वर्तुळ तेवढंच. प्लेटवर मरतात, छातीत नाही.

दुपारी आईचा चष्मा शोधताना पिशवीत जुन्या कॅप्सूल सापडल्या. डॉक्सीसायक्लिन, तेही जंतूंवरचंच औषध. मागे तिच्या पायाला जखम झाली तेव्हा मीच कुणाच्या तरी हाती पाठवलेल्या. दोन बस बदलून तिच्याकडे जायला सवड नव्हती म्हणे मला! त्यातल्या उरलेल्या ती इथे इंजेक्शनच्या जोडीला रोज दोन घेत होती. पण पेनिसिलिनपेक्षा वेगळ्या जातीचं. जंतूला प्रथिनं बनवू देत नाही, त्याची वाढ थांबवतं. वाढ नाही तर नवी भिंत नाही, मग पेनिसिलिनने अडवायचं कुणाला? गवंडीच रजेवर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यामुळेच असेल असं नाही, पण आधी त्या बंद करा."

आईवर ओरडले. ती म्हणाली, "इथल्या औषधाचं मला काय कळतं? या तू पाठवलेल्या."

१० फेब्रुवारी

शंभर. उतरतोय.

१२ फेब्रुवारी

ताप नाही. उद्या घरी सोडणार. सांगितलं तर आईने माझा हात धरला. "अजून चार दिवस ठेवतात का बघ ना. इथे तू रोज येतेस."