आत्याच्या गालावरची पेन्सिल

मंगळवार, संध्याकाळ. जयेंद्रगंज.

हात धुतले तरी स्पिरिटचा वास जात नाही. आत्याला तिचा जुना फोटो मोठा करून हवा होता, लग्नासाठी स्थळांना दाखवायला बाबांनी नई सडकेवरच्या आपल्या स्टुडिओत काढलेला. म्हणून दुपारी निगेटिव्ह स्कॅन करायला घेतली. गालांवर बारीक राखाडी ठिपके दिसले. धूळच वाटली. ब्रशने जाईना, म्हणून स्पिरिटच्या कापसाने पुसली. कापूस काळा झाला आणि मला चक्क बरं वाटलं.

स्क्रीनवर चेहरा आला तो देवीच्या व्रणांनी भरलेला.

धूळ नव्हतीच ती. बाबा टोकदार पेन्सिलने निगेटिव्हवरच एकेक व्रण भरायचे, म्हणजे छापलेल्या फोटोत तो दिसत नसे. लहानपणी शेजारी बसून मी ते पाहिलं आहे. मग विसरले कशी? त्यांचं काम त्यांच्याच मुलीने पुसावं!

कॉम्प्युटरवर गाल पुन्हा गुळगुळीत करता आले असते. कोणाला कळलं असतं? पण आत्या मागेच उभी होती. तिचं लग्न झालंच नाही. फोटो पसंत करून आलेली माणसं तिला बघून परत जायची.

काळा कापूस मी मुठीत लपवला. "आत्या, माझं चुकलं."

ती चष्मा लावून स्क्रीनजवळ वाकली.

"अगं, काही खराब नव्हते दिसत मी. दादाने हाच फोटो पाठवला असता, तर जो आला असता तो परत गेला नसता."