सात नंबरचं कुलूप

११ नोव्हेंबर
सिंदी मेघेत खोली चांगली मिळाली. सकाळचं ऊन येतं, शेजार शांत आहे. आजपासून बोरगाव मेघेपुढच्या जिनिंग मिलची सुरक्षा माझ्याकडे. मालक ताराचंदजी चहा पाजून म्हणाले, मॅडम, यंदा अपघात नको. मी म्हटलं, होणार नाही. बारा जिन आहेत, प्रत्येकात कापसातून सरकी वेगळी करणारा रोलर. बोट ओढून घेईल अशी एकूण एक जागा पिवळी रंगवायला लावली. पट्ट्यांवर जाळ्या आल्या. प्रसन्न वाटलं.

१३ नोव्हेंबर
लाल कुलपं नऊ आणली. आठ कामगारांची, एक माझं. नियम साधा. मशीनमध्ये हात घालण्याआधी स्विचवर आपलं कुलूप, किल्ली आपल्याच जवळ, दुसऱ्याने उघडायचं नाही. बायकांना बांगड्या काढायला लावल्या. कुरकुर झाली. सगळ्यांत जुनी देवकाबाई माझ्या मनगटाकडे बघून म्हणाली, "आमच्या बांगड्या मशीन खाते, अन् तुमच्या घड्याळाले काऊन सोडते?" बायका खिदळल्या. मला वेळ बघावी लागते, असं सुनावून मी विषय संपवला.

१६ नोव्हेंबर
दुपारच्या सुट्टीनंतर सात नंबर सुरू होईना. स्विचवर दहावं कुलूप. पत्र्याच्या पेटीला लावतात तसलं, गंजलेलं. प्रत्येकाने आपलं लाल कुलूप काढून दाखवलं. देवकाबाई हळूच म्हणाली, हे शकुबाईचं. दोन हंगामांपूर्वी शकुबाई सातच्या रोलरमध्ये अडकलेली रुई काढत होती. फिटर प्रभाकररावांनी, कुणी नाही असं समजून, बटण दाबलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.
मेलेली माणसं कुलपं लावत नाहीत, मी म्हटलं. ताराचंदजींना घाई होती. मी चिठ्ठी दिली: सात नंबरवरील कुलूप तोडावे. खाली सही केली. प्रभाकररावांनी कटरने तोडलं.

१७ नोव्हेंबर
पुन्हा तेच कुलूप. गंजाचा डागसुद्धा तिथेच. नवी चिठ्ठी लिहायला बसले, तर प्रभाकररावांनी खिशातून जुनीच काढली. "कायले तकलीफ घेता मॅडम, हेच चालते." खरंच, तारीख घातलीच नव्हती. तोडलं.
संध्याकाळी सातच्या रुईत हिरव्या काचेचा तुकडा निघाला. बांगड्या तर सगळ्या माझ्या खणात आहेत.

१८ नोव्हेंबर
तिसऱ्यांदा. देवकाबाई वाटेत आडवी आली. "शकू वाईट नाई करून राह्यली मॅडम. थांबवून राह्यली. नका तोडू."
तोडलं.

२० नोव्हेंबर
दोन दिवस कुलूप नाही. बरं वाटायला हवं. सातजवळून जाताना हात आपोआप मागे घेतला जातो. बायकाही वळसा घालून जातात.

२१ नोव्हेंबर
सात घासत आहे. रोलर आणि पात्यामधली फट मोजणं भाग आहे. भीती घालवायचा हाच मार्ग. जेवणाच्या सुट्टीत एकटीच आले, कुणाला सांगितलं नाही. स्विचवर माझं कुलूप आहे, किल्ली कमरेला. डावा हात गेजसह आत, डायरी गुडघ्यावर. उजवं टोक ठीक. मधे —

लोखंड गार हवं. इथे ऊब आहे.

बोटं. आत बोटं आहेत. ओढत नाहीत — माझा हात बाहेर ढकलताहेत —

सुट्टी संपली. बाकीचे जिन सुरू झाले. जिनच्या पलीकडे, स्विचपाशी प्रभाकरराव, पाठमोरे. कुणाला तरी ओरडून सांगताहेत, पाह्य, लागलं पुन्हा शकुबाईचं कुलूप, या खेपी लाल, चिठ्ठी हाये आपल्यापाशी —

मी ओरडले. त्यांना ऐकू जात नाही —

हात निघत नाही. घड्याळ. पट्टा पात्यात —

ती ढकलते आहे. अजून ढकलते आहे. कटरचा —