साळखात्यातली बोली

शुक्रवार, १३ जुलै १९८४. संध्याकाळ.

तो रकाना डोक्यातून जात नाही. सावंत यायच्या आधीच मी फॉर्म भरून मोकळी! 'पालक काय करू शकतील?' समोर लिहिलं, 'विशेष काही नाही.' कशाच्या जोरावर?

सुमन सात वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. तिला वर्षभर काय नि कसं शिकवायचं ते ठरवायला तिचे वडील, सावंत, डिलाईल रोडहून आमच्या कर्णबधिर शाळेत आले. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून घरीच असतात. "तुम्ही शिकलेली माणसं, बाई. दाखवाल तिथे सही करतो."

मी आपली समजावत बसले. तोंड उजेडात ठेवा, ओठ नीट हलवा, हातांनी खुणा करा.

त्यांनी मान डोलावली आणि पटांगणापलीकडे खेळणाऱ्या सुमनकडे बघून हात हलवला. तिने पाहिलं. मग त्यांचे नुसते ओठ हलले, दोन बोटं फिरली. पोरगी खुदकन हसली, नळावर हात धुऊन दप्तर घेऊन आली.

"हे कुठे शिकलात?"

"शिकायला कोण गेलंय? बावीस वर्षं साळखात्यात कापड विणलं. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. सगळे असंच बोलायचो. भांडायचोसुद्धा! आता काय उपयोग त्याचा?"

मी थक्क. ट्रेनिंग घेऊनही मला यातलं निम्मं येत नाही.

रकान्यातलं उत्तर खोडलं. विचारलं, "सोमवारी बाकीच्या आईबापांना शिकवाल? मीही बसेन शिकायला."

त्यांनी उत्तर सुमनकडे बघून दिलं, आवाज न करता. मला एक अक्षर कळलं नाही. ती टाळ्या पिटायला लागली.