दुकानात टांगलेलं नाव

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते गल्ल्यावरच फोडशील आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचायला लागशील, हे मला माहीत आहे. तेवढं करू नकोस. फोन केला नाही, कारण तू तो स्पीकरवर टाकतोस. मग मी भावाशी बोलतेय की चष्मा लावून बघणाऱ्या अख्ख्या दुकानाशी, ते मला कळेनासं होतं.

कपड्यांच्या कॅटलॉगसाठी मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा तू काय थयथयाट केला होतास! "दात दाखवत उभं राहायचं, याला काम म्हणतात?" आणि मग ते तुझं लाडकं वाक्य, "आपल्या आडनावाला बट्टा लागला तर याद राख." आडनाव! बाबांनी जन्मभर त्या आडनावाने निमूट विजेची बिलं भरली, पण तुझ्या तोंडून ते असं यायचं, जणू आपल्या माळ्यावर एखादं सिंहासन गुंडाळून ठेवलंय. मी कामासाठी वेगळं नाव घेतलं तेव्हा तू वहिनीला म्हणालास, "बघ, कशी सरळ केली." दादा, आज सांगते. त्यात तुझा काडीचाही संबंध नव्हता.

ते नाव मला दिलं आमच्या मेकअपवालीने. आम्ही सगळ्या तिला मावशी म्हणतो. तिने या धंद्यात बरंच पाहिलेलं. एका मुलीच्या मागे कुणीतरी तिच्या घरापर्यंत पोचला, तिच्या वडिलांना रस्त्यात गाठायला लागला, शेवटी त्या मुलीने काम सोडलं. माझ्या पापण्यांना रंग लावता लावता मावशी म्हणाली, "चेहरा बाजारात मांडलायस ना, पत्ता तरी घरात ठेव." त्या दिवशी मी सकाळपासून मोठ्या पंख्यासमोर केस उडवत उभी होते, म्हणून तिनेच सुचवलं, झुळूक. तू ऐकलंस आणि खो खो हसलास. "हे बाईचं नाव की पंख्याच्या कंपनीचं?" तुझ्या विनोदांना हसायला तेव्हाही फक्त तूच असायचास.

पण त्या नावाने मला काय दिलं, ते तुला कधी कळणार नाही. भर उन्हाळ्यात लोकरी कोट घालून, पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावून घट्ट केलेला झगा सावरत, गारठल्यासारखं हसायची झुळूक. काम संपलं की तोंड धुऊन मी माझ्या खऱ्या नावाकडे परत यायचे. दवाखान्यात नर्स ते नाव मोठ्याने पुकारायची आणि बाकावरचं एकही डोकं वर व्हायचं नाही. ती माझी सगळ्यात मोठी चैन होती. आईकडे जायचे ती जुनी चप्पल घालून, केसांना तेल चोपडून. समोरचे निवृत्त ड्रायव्हरकाका विचारायचे, "काय गं, नोकरी कशी चाललीय?" मी म्हणायचे, चाललीय. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ती आई, वहिनी आणि तू. आई बोलली नाही, वहिनी बोलली नाही. आणि इतकी वर्षं तू बोलला नाहीस, तो लाजेपायी. तुझी लाज माझ्या इतकी कामाची होती, हे मला ती संपल्यावर समजलं.

ती संपली ती चष्म्याच्या जाहिरातीने. नशिबाची थट्टा बघ. कंपनीने माझा फोटो फलकांवर लावला, आणि त्यातला एक नेमका तुझ्या दुकानासमोरच्या चौकात. पहिल्या आठवड्यात तू मान खाली घालून शटर उघडायचास म्हणे. मग कुणीतरी आत येऊन म्हणालं, "त्या बाईच्या डोळ्यावर आहे तसाच द्या." मग दुसरं आलं, तिसरं आलं. आणि रातोरात मी 'आमची धाकटी' झाले! काल ज्या आडनावाला बट्टा लागत होता, ते आज माझ्या शाळेतल्या गणवेशातल्या फोटोखाली ठळक अक्षरात छापून तू काउंटरच्या वर टांगलंस. झुळूक म्हणजे कोण, तिचं खरं नाव काय, कुठल्या शाळेत शिकली, सगळं. एवढ्यावरही तुझं पोट भरलं नाही. आई दारात उभी असलेला फोटो तू मोबाईलवरून जगाला वाटलास. मागे घराचा नंबर स्वच्छ दिसतोय. लोकांचे डोळे तपासतोस ना रे तू?

आता ऐक, कारण हे तू कधी धड ऐकून घेतलं नाहीस. झुळूकला एक माणूस फार दिवसांपासून लिहायचा. आधी स्तुती, मग हट्ट, मग मला बायको म्हणायला लागला. माझी कामं बघणाऱ्या एजन्सीतली बाई त्याचे मेसेज मला दाखवतसुद्धा नसे. म्हणायची, "बोंबलू दे, त्याला झुळूक ठाऊक आहे, तू नाहीस." तुझ्या कृपेने त्याला मी ठाऊक झाले. भर दुपारी फुलं घेऊन तो आईच्या दारात उभा राहिला. माझं खरं नाव घेतलं, म्हणाला, "मी तिच्या वर्गात होतो, काकू." आईने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग त्याने शाळेचं नाव सांगितलं आणि आईच्या पायाखालची जमीन सरकली. ती मुलींची शाळा रे, दादा. आपली आई, जिला तू 'भोळी' म्हणून निकालात काढतोस, ती चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाली, "बस हं, चहा टाकते." आणि मागच्या दाराने अनवाणी ड्रायव्हरकाकांकडे गेली. पोलीस आले तेव्हा तो माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर बसून माझ्याच कंगव्याने भांग पाडत होता.

त्यांनी त्याला समज देऊन सोडलं. कुलूप तोडलं नाही, हात लावला नाही, आजींनीच आत घेतलं, मग गुन्हा कसला? दोन दिवसांनी तो समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहिला. काही न करता. नुसता उभा. आई खिडक्या लावून, दिवे न लावता घरात बसायला लागली.

मी तुला फोन केला, काउंटरवरचा तो फोटो उतरव म्हणाले. काय म्हणालास, आठवतंय? मला शब्दन् शब्द आठवतोय. "अगं, चाहता असेल. मोठं व्हायचं तर एवढं सोसावं लागतं." आणि त्याच दमात, "बरं, नव्या शाखेची फीत कापायला येशील ना? तो फोटो उतरवतो मग, उद्घाटन झाल्यावर." मी फोन ठेवला. तुझा रागसुद्धा आला नाही. रागावण्याइतका मोठा तू मला वाटलाच नाहीस. चिखलात पाय पडला की माणूस चिखलावर चिडत बसत नाही, पाय धुतो.

वहिनीकडून कळलं की रविवारी तू पेपरवाल्याला घेऊन 'झुळूक जिथे वाढली ते घर' दाखवायला निघणार आहेस. दाराला कुलूप असेल. आई माझ्याकडे आहे, स्वतःच्या मर्जीने. पोलीस चौकीत तिने स्वतः जाऊन तसं लिहून दिलंय, तेव्हा 'आई हरवली' म्हणून गळा काढू नकोस. पाकिटावरचा शिक्काही निरखू नकोस, ते दुसऱ्या गावी जाणाऱ्या मैत्रिणीच्या हाती देणार आहे, ती तिथून टपालात टाकेल. इथे दारावर आईने स्वतःसाठी एक नवीनच नाव लावलंय. कुरियरवाला त्या नावाने हाक मारतो तेव्हा ती लहान मुलीसारखी खुदकन हसते आणि सही करते. मला तुला एक ओळही लिहायची नव्हती. हे पत्र तिने माझ्या मागे लागून लिहवून घेतलं. आत्ता ती समोर मटार सोलत बसलीय. मी विचारलं, काय कळवू? म्हणाली, "मी धड आहे म्हणावं, काळजी करू नकोस." आणि पत्ता? तिचे हात थांबले. डोळे पदराने पुसले आणि म्हणाली, "नको. पोटचा आहे माझ्या, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

तुझीच, म्हणायची रीत म्हणून,
धाकटी