सासूबाईंसमोर विचारलेला प्रश्न

४ मार्च
बेगायिम, वय चौतीस. गर्भाशयात गाठी, हिमोग्लोबिन सहा. रक्त चढवायला घेतलं. मी विचारलं, "अंगावरून कधीपासून जातंय?" उत्तर सासूनं दिलं. "त्रास कितपत?" — तेही सासूनंच. "आम्ही अशा झोपून राहिलो असतो तर दुभत्या घोड्यांची धार कुणी काढली असती?" सून डोळे खाली घालून पडून. नवरा मॉस्कोत कामाला.

मार्ग दोन. फक्त गाठी काढल्या तर पुढे मूल होऊ शकेल, पण टेबलावर रक्त जास्त जाण्याचा धोका आणि गाठी पुन्हा होण्याचाही. गर्भाशयच काढलं तर त्रास संपेल — मूलही नाही. तिला तीन मुली आहेत. सासूला, सायराकान आपांना (वडीलधाऱ्या म्हणून मीही 'आपा'च म्हणते), नातू हवा आहे.

५ मार्च
विभागप्रमुख मेदेर बाइके (थोरल्या भावासारखे, म्हणून सगळे 'बाइके'च म्हणतात) म्हणाले, "नातेवाइकांना कॉरिडॉरमध्ये गाठ, सही घे, मोकळी हो. पेशंटला कसलं विचारतेस? घाबरते ती."
ऑपरेशनला त्यांचा हात आमच्या नारिन शहरात सगळ्यांत चांगला आहे. तरी मी विचारणार.

६ मार्च
चूक केली. आपांना बाहेर बसायला सांगितलं. दार लावून, चित्र काढून दोन्ही मार्ग समजावले. बेगायिमनं कागद बाजूला सारला. म्हणाली, "त्यांना बाहेर काढून मी काही बोलले, तर घरी ते तुमचं बोलणं ठरेल, डॉक्टर. माझं नाही. बोलवा त्यांना."
बोलावलं. खुर्ची दिली, सगळं पुन्हा सांगितलं. प्रश्न मात्र बेगायिमला विचारला. आपा बोलायला लागल्या. मी म्हटलं, "तुमचंही ऐकते, आपा. आधी हिचं."
बराच वेळ गेला. उत्तर माझ्या ओठांवर होतं. सुचवलं नाही.
मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आपा, गर्भाशय काढू द्या. मला तीन मुली वाढवायच्यात. चौथ्याची वाट बघत मरायचं नाही."
"तोंड फुटलं म्हणायचं," आपा म्हणाल्या. उठून गेल्या.
नवऱ्याला फोन बेगायिमनं स्वतः केला.

८ मार्च
महिला दिनाची सुट्टी. वॉर्डभर फुलं. बेगायिमकडे कुणी आलं नाही.

९ मार्च
ऑपरेशन नीट झालं. रक्त कमी गेलं. हात धुताना बाइके म्हणाले, "माझ्या सात नंबरच्या खाटेवरच्या बाईलाही विचारून बघ. मला नाही जमायचं आता."
अभिमान वाटतोय. टाक्यांचा नाही — त्या दिवशी उत्तर न सुचवता गप्प बसले त्याचा. वॉर्डात चेहऱ्यावर दिसू दिला नाही. इथे लिहायला हरकत नाही.

१७ मार्च
ओपीडी संपता संपता सायराकान आपा आल्या. एकट्या. धाकट्याच्या बाळंतपणापासून त्यांचं अंग बाहेर येतं. आजवर कुणापाशी बोलल्या नाहीत.
"सुनेला विचारलंस तसं मलाही विचार, पोरी," म्हणाल्या. "फक्त घाई करू नकोस. मला सवय नाही."