सुमनची किंचाळी

काकती, रविवार, १ मार्च

महिला अत्याचारविरोधी निधीसाठी आमचं पथनाट्य. कुणाकडं न शिकता मी आजवर अकरा बसवली. मार खाणाऱ्या बायकोचं काम शेजारच्या सुमनला दिलं, पण ती किंचाळेचना. सात वेळा करून घेतलं. शेवटी सगळ्यांदेखत म्हणालो, "मार कसा खातात तेवढंबी येत न्हाय व्हय गं तुला?"

बायका हसल्या. सुमन हळूच म्हणाली, "अण्णा, वरडलं की मार जास्त बसतोय."

आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिच्या नवऱ्याचा विषय निघाला की बारा वर्षं मीच गावाला ठासून सांगत आलो, भिंतीपलीकडून कधी आवाज आला नाही.

हे कळल्यावरही आठव्यांदा तिला किंचाळायला लावलं. उत्तम किंचाळली. पहिली टाळी मीच वाजवली.