बिनतिथीचा उपास

अण्णा, मी कॉलेजात शिकवते त्या मुलांपैकी एकीनं आज डबा उघडलाच नाही. "उपास आहे, मॅडम," म्हणाली. पोचणार नाही हे ठाऊक असून तुम्हाला लिहायला बसले आहे.

माझ्या तसल्याच उपासांना तीस वर्षं होत आली. आपल्या दुर्गाघाटच्या घरात न जेवण्याइतकं सोपं काही नव्हतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला मी एकेक करून सगळे धरले. आईला कोण कौतुक! डॉक्टर होणार तरी देवाधर्माचं बघते, असं शेजारी सांगायची. मला अन्न जात नव्हतं, अण्णा. पुस्तकातली अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. कॉलेजला जाताना घाटाची वाट सोडून मी गल्लीगल्लीनं जायचे, कारण पाणी दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतील अशी धास्ती वाटायची. ती सांगायची कुणाला? डॉक्टर होणाऱ्यानं आजारी पडायचं नसतं, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं.

त्या सकाळी तुम्ही सोवळं नेसून पूजेला निघालेले. मी ताट सारलं.

"आज कसला उपास?"

"असाच."

"असाच कसा? आज कुठलीच तिथी नाही."

यजमानांना दिवसभर तिथ्या सांगणारा माणूस, तुम्हाला कोण फसवणार? आता ओरडाल असं वाटलं. तुम्ही सोवळ्यातच खाली बसून माझ्या कपाळावर हात ठेवलात. मी पारोशी होते. "तबियत बिघडलीय तुझी," म्हणालात. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. मनाच्या. मी आहे ना बरोबर." पूजेची वेळ टळली तरी तुम्ही उठला नाहीत. तुम्हालाही भीती वाटते हे तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि मी जास्तच घाबरले.

गोळ्या सुरू झाल्या. तुम्ही गंगेवर स्नानाला जाणं बंद केलंत. गुडघा धरलाय असं सांगून नळावर आंघोळ करायचात आणि दाराशी पाट टाकून बसायचात. घाटावरचा भटजी आणि नळावर आंघोळ! लोक हसले. पहारा ठेवता म्हणून मला राग यायचा, पण तुम्ही तिथे आहात एवढ्यावरच मी दिवस काढत होते. महिने गेले. मग एकदा जेवताना मी आईकडे आणखी एक पोळी मागितली. दुसऱ्या दिवशी तुमचा गुडघा बरा झाला.

त्या मुलीला उद्या घरी जेवायला बोलावणार आहे. नाही आली तर मीच तिच्या खोलीवर जाईन. ती नुसती हसून "काही नाही, मॅडम" म्हणेल, याचीच भीती वाटते.

एक सांगायचं राहिलं. तुम्हाला मणिकर्णिका घाटावर नेलं तेव्हा मी घरीच थांबले. बायका जात नाहीत, म्हणून कुणी काही विचारलं नाही. पण मी त्या रिवाजासाठी थांबले नव्हते. मला अजून त्या पाण्याची भीती वाटत होती, अण्णा, आणि मला अडवणारे तुम्हीच तर चौघांच्या खांद्यावरून निघाला होतात.